आरशासमोरची परीक्षा रद्द करा

घरातल्या लग्नाचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले, की तुम्ही आधी काय पाहता? नवरानवरी? आजी-आजोबा? की सगळ्या गर्दीत स्वतःला शोधून, दोन बोटांनी फोटो मोठा करून आपले दंड, हनुवटी, पोट, मागे सरकलेले केस? तो एक फोटो पाहून ‘शी, काय अवतार दिसतोय’ असं मनात येत असेल आणि पुढचे सगळे फोटो नुसते सरकवले जात असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

स्वतःचा एखादा फोटो न आवडणं यात विशेष काही नाही. इथे बोलायचं आहे ते वर्षानुवर्षं मुरलेल्या सवयीबद्दल. शाळेत कधीतरी सुरू झालेली ही सवय चाळिशी ओलांडली तरी सुटत नाही. नावं ठेवणारी माणसं एव्हाना आपापल्या संसाराला लागलेली असतात, काही तर हयातही नसतात. त्यांचं काम आपणच पुढे चालवतो, आणि त्यांच्यापेक्षा जास्त चोखपणे.

यावर सहसा एक उपाय सुचवला जातो: ‘तूही सुंदर आहेस, स्वतःवर प्रेम कर.’ सांगणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण बहुतेकांना हा उपाय लागू पडत नाही. वीस वर्षं रोज नापासाचा शेरा मिळालेल्याला आरशासमोर उभं करून ‘मी पहिला आलो’ म्हणायला लावलं, तर त्याला ते खोटंच वाटणार. शिवाय परीक्षा तशीच राहते. आज पास झालात तरी उद्या गालावर पुळी आली की पुन्हा नापास. म्हणून या लेखातला सल्ला जरा वेगळा आहे. स्वतःला वाढीव गुण देऊ नका, परीक्षाच रद्द करा.

हा आवाज मुळात कुणाचा?

बाळ जन्मलं की पाचव्या मिनिटाला ‘रंग कुणाचा घेतलाय?’ हा प्रश्न येतो. गरोदर बाईला केशर घातलेलं दूध देण्यामागचा हेतू घरात सगळ्यांना ठाऊक असतो. पुढे ‘उन्हात खेळू नकोस, आणखी रापशील’, ‘नाकीडोळी नीटस आहे, रंगच तेवढा...’, ‘जरा खात जा की रे काडीपैलवाना’ अशी वाक्यं कानावर पडत राहतात. लग्नाचं वय झालं की बायोडेटात उंचीच्या खाली ‘रंग’ नावाची ओळ येते आणि तिथे गोरा, निमगोरा, गव्हाळ यांपैकी काय लिहायचं यावर घरात चर्चा झडते. मुलांची गोष्ट फार वेगळी नाही. बुटकेपणा, टक्कल, सुटलेलं पोट यावरची थट्टा त्यांनी हसत सोसायची असते, आणि ती लागली हे कबूल करायचीही सोय नसते.

या सगळ्यावर मोठा धंदा उभा राहिला. ‘फेअर अँड लव्हली’ भारतात १९७५ साली आली. पुढची कित्येक वर्षं जाहिरातींतली सावळी मुलगी नोकरीत, लग्नात मागे पडायची आणि क्रीम लावताच पुढे जायची. २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्रातल्या स्वयंनियमन संस्थेने, म्हणजे एएससीआयने, सावळ्या माणसांना दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२० मध्ये या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने जोडीदार शोधताना रंग निवडायची सोय काढून टाकली. विज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर गोऱ्या आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. एवढ्याशा फरकावर बाजाराने पन्नास वर्षं पोट भरलं.

हे सांगण्याचं कारण आई-मावशीला किंवा कंपन्यांना दोष देत बसणं नव्हे. मनातला शेरा तुमचा स्वतःचा नाही, तो ऐकून-ऐकून पाठ झालेला आहे, हे एकदा लक्षात आलं की त्याच्याशी वाद घालणं सोपं जातं. पाठ झालेली गोष्ट अंतिम सत्य असते असं थोडंच आहे?

स्वतःला बोल लावून सुधारणा होते का?

हा आवाज सोडवत नाही यामागे एक भीतीही असते. ‘मी स्वतःला असं टोचलं नाही, तर मी आणखी ढिली पडेन, वजन आणखी वाढेल.’ पण जरा आपल्याच आयुष्याचा हिशेब मांडून पाहा. इतकी वर्षं टोचून काय पदरात पडलं? बहुतेकांच्या हिशेबात पुढच्यासारख्याच नोंदी निघतात: पोहायला जाणं सोडलं, कारण पोहण्याचा पोशाख घालायची लाज. जिम लावली आणि चार दिवसांत बंद केली, कारण तिथे चारी बाजूंना आरसे. तीन दिवस उपास केला आणि चौथ्या दिवशी पातेलं घेऊन बसलो. डॉक्टरांकडे जायचं टाळलं, कारण ते वजनकाट्यावर उभं करतील.

लाज माणसाला लपायला लावते, आणि लपलेला माणूस स्वतःची काळजी कमी घेतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची संकल्पना मांडताना तिचे तीन भाग सांगितले: स्वतःशी मायेने वागणं, आपलं दुःख हे आपल्या एकट्याचं नाही हे ओळखणं, आणि त्या दुःखाकडे न फुगवता, न दडपता पाहणं. यात ‘मी छान आहे’ असं कुठेच नाही, हे ध्यानात घ्या. मैत्रीण रडत आली तर आपण तिला ‘रडू नकोस, तू दिसतेसच तशी’ म्हणत नाही. तेवढाच शिष्टाचार स्वतःशी पाळायचा आहे.

स्वीकार म्हणजे नेमकं काय?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. मराठी वाचकांपर्यंत ती कि. मो. फडके यांनी पोहोचवली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनातून, व्याख्यानांतून ती अनेक घरांत गेली. या पद्धतीचा एक कणा म्हणजे स्वतःचा विनाअट स्वीकार. एलिस यांचं म्हणणं असं, की माणसाच्या एखाद्या कृतीचं, कौशल्याचं, अवयवाचं मूल्यमापन करता येतं; अख्ख्या माणसाचं करता येत नाही. त्यामुळे ‘मी चांगला’ हेही नको आणि ‘मी टाकाऊ’ हेही नको.

व्यवहारात याचा उपयोग असा. मनातल्या प्रत्येक वाक्याचे दोन तुकडे करायचे: तथ्य आणि शेरा. ‘माझे दात पुढे आहेत’ हे तथ्य. ‘म्हणून मी चारचौघांत हसू नये’ हा शेरा. ‘डोक्यावरचे केस गेले’ हे तथ्य. ‘आता मला कोण विचारणार’ हा शेरा. तथ्य मान्य करायचं, शेरा खोडायचा. तथ्य आवडलंच पाहिजे अशी सक्ती नाही. ‘मला माझे दात आवडत नाहीत, तरी मी हसणार आहे’ हे पूर्ण, प्रामाणिक, स्वीकाराचं वाक्य आहे.

वहीत चार रकाने

ही तोडफोड मनातल्या मनात केली तर शेराच जिंकतो, कारण त्याचा सराव वीस वर्षांचा. म्हणून कागदावर करा. साधी दोनशे पानी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: प्रसंग, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, त्यातलं तथ्य, आणि उत्तर.

उदाहरण घेऊ. भाचीचा साखरपुडा आहे. कपाटातून काढलेला ब्लाउज दंडात अडकतोय. मनात आलेलं वाक्य: ‘हे असले दंड घेऊन कुठे निघालीस? सगळे बघतील. काहीतरी कारण सांगून घरीच राहा.’ हे वाक्य सभ्य करून लिहू नका. जितकं टोचरं आलं तितकंच लिहा. आता तथ्य: ब्लाउज तीन वर्षांपूर्वी शिवलेला आहे. दंड तेव्हापेक्षा जाड झाले आहेत. एवढंच. ‘घरीच राहा’ हे तथ्यातून निघत नाही. मग उत्तर: ‘दंड जाड झालेत आणि मला ते आवडत नाही. पण साखरपुडा भाचीचा आहे, माझ्या दंडांचा नाही. ब्लाउजच्या आत माया आहे, ती उसवून बाही सैल करून घेते आणि जाते.’

पाहा, उत्तरात कुठेही ‘माझे दंड सुंदर आहेत’ असं म्हटलेलं नाही. उत्तराचा शेवट एका कामात झाला: शिंप्याकडे जाणं. चांगलं उत्तर बहुतेक वेळा असं हातपाय हलवायला लावतं. रोज एकच नोंद पुरे. काही आठवडे लिहिलंत की तीच ती चार-पाच वाक्यं फिरून-फिरून येताना दिसतील. शत्रू वाटला होता तेवढा मोठा नसतो. त्याची भाषणं ठरलेली असतात.

आरसा आणि कॅमेरा यांना त्यांच्या जागी ठेवा

आपण आरशाला आणि फोनला साक्षीदार मानतो, पण दोघांचीही साक्ष कच्ची आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिती प्रारूप वापरून दाखवलं, की साधारण १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे हात लांब करून काढलेल्या फोटोतलं ‘बटाट्यासारखं नाक’ हा अंतराचा परिणाम आहे. दुसऱ्याने काढलेल्या फोटोत आपण ‘वेगळेच’ दिसतो, यालाही कारण आहे. आपल्याला आपला चेहरा आरशातला, म्हणजे डावं-उजवं उलटलेला, पाहायची सवय असते. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ फोटो. मित्रांना आवडतो तो चेहरा तुमच्या ओळखीचा नाही, इतकंच.

म्हणून काही साधे नियम करा:

- आरसा कामापुरता. भांग पाडणं, टिकली लावणं, दाढी करणं झालं की बाजूला व्हा. काम नसताना आरशासमोर थांबायचं नाही.
- हातभर अंतर ठेवा. नाक काचेला लावून छिद्रं, सुरकुत्या, पांढरे केस शोधू नका. तेवढ्या जवळून तुमच्याकडे कुणी पाहत नाही.
- भिंग असलेला मेकअपचा आरसा अडगळीत टाका.
- ग्रुपवरचा फोटो मोठा करून पाहायचा नाही. आधी बाकीची माणसं पाहा, मग स्वतःला, आणि पुढच्या फोटोवर जा.
- ‘मी जाड दिसतेय का?’ हा प्रश्न घरच्यांना विचारायचं बंद करा. ‘नाही गं’ या उत्तराने आलेला दिलासा तासभरही टिकत नाही, हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहेच.

लोक पाहतात, पण कितीसं?

‘सगळे बघतील’ या वाक्याची तपासणीही झालेली आहे. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोचा मोठा चेहरा छापलेला, तरुणांत हसं होईल असा टी-शर्ट घालायला लावून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांचा अंदाज होता, की निम्म्या जणांच्या तरी ते लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांना सांगता आलं. २००० साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आपल्या लग्नसमारंभांनाही लागू पडतो. गेल्या समारंभात तुमच्या चुलत नणंदेने कोणत्या रंगाची साडी नेसली होती? आठवत नाही ना? तिलाही तुमची आठवत नाही. ती स्वतःच्या दंडांची काळजी करत होती.

टाळलेल्या गोष्टी एकेक करून परत मिळवा

वहीने विचार ढिला होतो, पण भीती जाते ती करून पाहिल्यानेच. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात महिनाभर रोज जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या मुलींशी बोलायचंच असं ठरवलं. शंभरावर मुलींपुढे त्यांनी हा प्रयोग केला. भेटायला येते म्हणाली एकच, आणि तीही आली नाही. पण कुणी ओरडलं नाही, पोलीस आले नाहीत, आभाळ कोसळलं नाही. भीती मात्र गेली. पुढे ते आपल्याकडे येणाऱ्यांना केळ्याला दोरी बांधून रस्त्यावरून फिरवून आणायला सांगत.

तुम्हाला केळं फिरवायची गरज नाही. दिसण्याच्या लाजेपायी काय काय सोडलं याची यादी करा आणि सोप्याकडून अवघडाकडे लावा. बिनबाह्यांचा कुर्ता घालायचा असेल, तर पहिल्यांदा घरात, मग गच्चीवर, मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे, मग मैत्रिणीच्या घरी. टक्कल लपवायला टोपी वापरत असाल, तर आधी सकाळच्या फेरीला टोपीशिवाय, मग ऑफिसला. प्रत्येक पायरीवर अस्वस्थ वाटेल. ते वाटू द्या आणि तिथेच थांबा. काही वेळाने ते आपोआप उतरतं. उतरायच्या आत पळून आलात, तर मन ‘पळालो म्हणून वाचलो’ असा चुकीचा धडा घेतं. एका पायरीवर कंटाळा यायला लागला की पुढची पायरी चढा.

बोलणाऱ्यांना काय सांगायचं?

तुम्ही बदललात म्हणून नातेवाईक बदलणार नाहीत. ‘अगंबाई, केवढी सुटलीस!’ हे वाक्य पुढच्या दिवाळीतही येईल. मोठ्या माणसाचा अपमान न करता, पण मान खाली न घालता द्यायची दोन-तीन उत्तरं आधीच तयार ठेवा:

- ‘हो काकू, वजन वाढलंय. तुमचे गुडघे काय म्हणतात?’ तथ्य मान्य केलं, शेऱ्याला जागाच दिली नाही.
- वारंवार बोलणाऱ्यांना: ‘आत्या, माझ्या दिसण्यावर बोललेलं मला आवडत नाही. दुसरं काही बोलूया.’ आवाज न चढवता, एकदाच.
- मित्रांच्या थट्टेला: ‘हा विनोद जुना झाला रे, नवीन सांग.’

उत्तर सुचलं नाही तर उठून पाण्याचा ग्लास आणायला जा. प्रत्येक वेळी जिंकलंच पाहिजे असं नाही.

स्वीकार म्हणजे हेळसांड नव्हे

‘आहे तसं स्वीकारलं’ म्हणून रक्तातली साखर मोजायचीच नाही, असा याचा अर्थ नाही. व्यायाम करा, केस रंगवा, छान साडी नेसा. फक्त स्वतःला विचारा: हे मी सोयीसाठी, आरोग्यासाठी, हौसेसाठी करतोय की लपण्यासाठी? आज हे केलं नाही तर मी घराबाहेर पडू शकेन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती हौस राहिलेली नाही.

गोरेपणाच्या मलमांबाबत मात्र स्पष्ट इशारा. औषधाच्या दुकानातून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ आणि लाल होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. अशी स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. तुम्ही असं मलम बरेच दिवस लावत असाल, तर अचानक बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून मगच सोडा. कंपनीचं नाव-पत्ता नसलेल्या क्रीममध्ये पाराही निघतो. त्यामुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याची प्रकरणं आपल्याकडे अकोल्यात आणि केरळात मलप्पुरम जिल्ह्यात उघडकीला आली आहेत.

मदत केव्हा घ्यायची?

दिसण्यातल्या एखाद्या दोषाचा विचार रोज तासभर किंवा त्याहून जास्त वेळ व्यापत असेल, तो दोष इतरांना दिसतच नसेल किंवा किरकोळ वाटत असेल, आणि त्यापायी कॉलेज, नोकरी, भेटीगाठी सुटत असतील, तर तो बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर नावाचा आजार असू शकतो. त्यावर कॉस्मेटिक शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग होत नाही. मन दुसरा दोष शोधतं. बोधात्मक वर्तनोपचार आणि काही औषधं यांनी मात्र चांगला फरक पडतो. जेवून मुद्दाम उलटी काढणं, दिवसदिवस उपाशी राहणं, जगणं नकोसं वाटणं ही लक्षणं असतील, तर वहीच्या भरवशावर राहू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. अचानक वजन वाढणं, केस गळणं, चेहऱ्यावर दाट केस येणं यामागे थायरॉइड किंवा पीसीओडीसारखं कारण असू शकतं. ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. तो तुमच्या आळशीपणाचा पुरावा नव्हे.

शेवटी अपेक्षेबद्दल

जुना आवाज कायमचा बंद होईल अशी आशा धरू नका. आजारपणात, थकव्यात, समारंभाच्या आदल्या रात्री तो परत येतो. आला म्हणजे सगळं मुसळ केरात गेलं असं नाही. ‘आलास का? बरं’ म्हणायचं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. तो बोलत असतानाही तुम्ही घराबाहेर पडलात, हसलात, फोटोत उभे राहिलात, तर तुम्ही पुढे गेलात असं समजा.

आणि एक काम आजपासूनच करा, कारण त्याला कसलाही सराव लागत नाही. घरात मुलं असतील, तर त्यांच्या रंगावर, वजनावर, उंचीवर बोलणं थांबवा. आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या शरीराला नावं ठेवणंही थांबवा. आईने आरशासमोर स्वतःला ‘शी’ म्हटलेलं मुलगी ऐकत असते. तुम्हाला जे सोडवायला इतकी वर्षं लागली, ते तिला शिकवूच नका.